कोपरगावकडे वळवलेली छत्री

मी उपग्रह बोलतोय. तुमच्या टीव्हीवरचं चित्र खालून झेलून पुन्हा खाली पाठवणारा. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर मी उभा असतो. उभा म्हणजे तुम्हाला तसं वाटतं. पृथ्वी फिरते त्याच गतीने मीही फिरतो, म्हणून दारातली डिशची छत्री एकदा माझ्याकडे वळवली की पुन्हा हात लावावा लागत नाही.

माझा जन्म बंगळुरूचा. तिथल्या माणसांनी मला तळहाताच्या फोडासारखं जपलं. जपलं म्हणजे काय, तर गोठवून पाहिलं, भाजून पाहिलं, गदागदा हलवून पाहिलं. तेव्हा राग यायचा, आता त्यांच्या पाया पडावंसं वाटतं. इथे वर काही बिघडलं तर मिस्त्री यायचा नाही.

माणसांचं मला भारी कौतुक. ढग आडवे आले की शिव्या मला बसतात, आणि टीव्ही बघण्याच्या नादात भाजीत मीठच नाही हे कुणाला कळत नाही!

पण सांगायचंय ते लंकाबाईंचं. जामखेडजवळच्या एका वस्तीवर त्या राहतात. दरवर्षी मुलगा हनुमंत आणि सून रोहिणी यांच्याबरोबर त्याही ऊसतोडीला कोपरगावकडे जायच्या. यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि त्या पहिल्यांदाच मागे राहिल्या. एकटीने जेवायची सवय नव्हती. शेजारणीने फोनवर कळवलं, म्हातारी ताट वाढून घेते आणि तसंच झाकून ठेवते.

रोहिणीने युक्ती काढली. संध्याकाळी टीव्हीवर कीर्तन लागतं, तेव्हा दोन्हीकडे ताटं वाढायची.

"आत्या, तुमी तिथं, आमी हितं. कीर्तन एकच हाय, मंग पंगत बी एकच," ती सासूला फोनवर म्हणाली.

हनुमंतने उसाच्या फडाजवळ, आपल्या कोपीबाहेर, म्हणजे पाचटाच्या झोपडीबाहेर, बरोबर नेलेली छत्री उभी केली आणि आईला फोन केला. "आपल्या गावाकडं तोंड करून लावली, आन लगीच चित्र आलं बघ."

ते खरंच होतं. कोपरगावहून जामखेड ज्या दिशेला, त्याच दिशेला वर मी. पण लंकाबाईंच्या मनात भलतंच आलं. त्या उठल्या, अंगणातल्या पाइपावरची आपली छत्री धरली आणि थेट कोपरगावकडे फिरवली. चित्र गेलं. मुलाला सांगावं तर काम टाकून येईल, म्हणून त्या गप्प राहिल्या. ताट पुन्हा झाकलं जाऊ लागलं.

मी चित्र पाठवतच होतो. छत्रीने पाठ फिरवल्यावर मी तरी काय करणार? जीव नुसता तुटत होता.

एका संध्याकाळी रोहिणीने विचारलं, "जेवलात का, आत्या?"

"जेवले की."

"मंग आज महाराजांनी कुनाची गोष्ट सांगितली?"

लंकाबाई हळूच म्हणाल्या, "टीव्हीवर चित्रच येत न्हाई, बाई. म्या छत्री तुमच्याकडं फिरवली. तुमी तुमची माझ्याकडं केली, मंग म्या तुमच्याकडं पाठ कशी ठिवू?"

रोहिणीला रडू आवरेना. हनुमंतने फोन घेतला.

"आई, आपल्या छत्र्या एकमेकीकडं बघत न्हाईत. दोन्ही बी वर एकाच उपग्रहाकडं बघत्यात. दिस उगवतो तिकडं तोंड कर तिचं. आता जरा उजव्या हाताला. दमानं."

लंकाबाईंनी फोन ओट्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी छत्री सरकवली. घरातून टाळांचा आवाज आला.

"आलं गं," त्या म्हणाल्या.

"वाढून घ्या आता," पलीकडून रोहिणी म्हणाली.

"घेते. आधी तुमी बसा."

त्या दिवशी ताटात घासही उरला नाही. मोठमोठे सोहळे मी देशभर पोचवले, पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

आता माझं वय झालं. जागेवर टिकून राहायला इंधन लागतं आणि ते संपत आलंय. लवकरच मला आणखी वर ढकलून बंद करतील. माझ्या जागी नवा येईल. खाली कुणालाही छत्री हलवावी लागणार नाही, मी गेल्याचं कळणारही नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

नव्याला मात्र एवढं सांगून जाणार आहे: बाबा रे, कीर्तनाच्या वेळी जागेवरून ढळू नकोस. खाली एक म्हातारी घास हातात घेऊन बसलेली असते.