साफ केलेली दहा गाणी

रॅपचा अल्बम ऐकणाऱ्या माणसाला त्यात नेमकं काय हवं असतं, हे कुणाला विचारायला जाऊ नये. विचारलं की जो तो आपलंच घोडं पुढे दामटतो. ऋषीनं विचारलं होतं, त्याच्या पदरात पडलं ते असं.

ऑफिसातला पार्थ म्हणाला, "मला पंच पाहिजे, बॉस. ओळ संपली की थोबाडात बसली पाहिजे. समोरचा दोन सेकंद गप्प झाला पाहिजे." उरणकडे हळदीला साउंड लावणारा जयप्रकाश म्हणाला, "शब्द-बिब्द ठेव तुज्याकडं. बेस हाय का? मांडवाचं पत्रं हाललं पायजेत." आणि ऋषीची बायको प्राची म्हणाली, "एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटायला नको. पोळ्या करताना माझे हात पिठात असतात."

तिघांनीही ऋषीच्या मित्राची, मिथुनची, दहा गाणी ऐकली आणि तिघांनाही आपापलं सापडलं. पार्थ दोनदा "अरे बाप रे" म्हणाला. जयप्रकाशच्या गाडीचा आरसा थरथरला. प्राचीच्या पोळ्या झाल्या, भाजी झाली, तरी मोबाईलला पिठाचं बोट लागलं नाही. ऋषीनं तिघांनाही सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "मध्ये कुठे श्वास ऐकू आला का?"

तिघंही नाही म्हणाले. येणार कुठून? एकूण एक श्वास ऋषीनं स्वतःच्या हातानं कापून काढला होता. मग त्याला एकट्यालाच तो का ऐकू येत होता?

मिथुन उरणजवळच्या जासईचा. आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी भातशेती केली, आणि जमीन संपादनात गेल्यावर मिथुनच्या वाट्याला कंटेनर यार्डातली नोकरी आली. आलेल्या डब्यांचे नंबर वाचायचे आणि लिहून घ्यायचे. त्या नंबरांच्या मधल्या वेळात तो गाणी रचायचा. ऋषीशी त्याची गाठ वाशीच्या कॉलेजात पडली. ऋषीला शब्द सुचत नसत आणि मिथुनला कॉम्प्युटर उमगत नसे, त्यामुळे दोघांचं छान जमलं. ऋषीच्या घरातली मागची खोली, भिंतींना टेकवलेल्या दोन गाद्या, एक माइक, हा त्यांचा स्टुडिओ. तीन वर्षांत अकरा गाणी झाली.

ऋषी स्वभावानं टापटिपीचा. त्याचे वडील श्यामसुंदर टेबलावर चहाच्या कपाचा गोल उमटला तरी जेवण सोडून पुसायला उठायचे. खाण तशी माती! ऋषीला गाण्यात डाग चालत नसे, आणि मिथुनचा श्वास हा त्याच्या लेखी डागच. मिथुन दोन ओळी दणादण म्हणायचा आणि लोहाराच्या भात्यासारखा दम घ्यायचा.

"आरं, मानूस हाय ना मी?" मिथुन म्हणायचा. "दम तं घेनारच."

"घे ना. पण ऐकू येऊ देऊ नकोस."

मिथुन हसायचा. ऋषी एकेक श्वास कापायचा, मागची ओळ पुढच्या ओळीला नेऊन चिकटवायचा. गाणं कसं घट्ट व्हायचं. गाणं पक्कं झालं की कच्चं रेकॉर्डिंग पुसून टाकायचं, हा त्याचा शिरस्ता होता.

अकरावं गाणं मात्र बधेना. मिथुननं ते सलग म्हणून टाकलं होतं, आणि श्वास शब्दांत असे मिसळले होते की कापायला गेलं तर शब्दच तुटायचे. एका शनिवारी दुपारी ऋषीनं त्याला मेसेज केला, "अकराव्यात श्वास फार येतोय. आजच्या आज येऊन परत कर." मिथुन डबल ड्युटी करून नुकताच घरी आला होता. ते ऋषीला माहीत होतं. मिथुननं लिहिलं, "येतो."

जासई सोडून त्याची बाइक दोन किलोमीटरही गेली नाही. ट्रेलरच्या चाकाखाली बाइक गेली, मिथुन गेला आणि मोबाईलचाही चुरा झाला. स्मशानात माणसं म्हणत होती, डबल ड्युटी करून हा पोरगा निघाला तरी कुठं होता कोण जाणे. ऋषी त्याच माणसांत हात बांधून उभा होता.

तीनेक महिन्यांनी त्यानं अल्बम पुन्हा हातात घेतला. चौथ्या गाण्यात दुसरी ओळ संपली आणि कानाशी कुणीतरी दम घेतला.

त्यानं गाणं थांबवलं, पडद्यावर ती जागा मोठी करून पाहिली. रेघ सपाट होती. पुन्हा लावलं, पुन्हा श्वास. हेडफोन बदलून पाहिले, स्पीकर बदलून पाहिले. पंखा बंद केला, स्वतःचा श्वास रोखून धरला, तरीही तो आलाच. हळूहळू तो बाकीच्या गाण्यांतही येऊ लागला, अगदी जिथं कापलं होतं तिथंच. मग एकदा भर मीटिंगमध्ये आला. समोर मॅनेजर बोलत होता, गाणं वगैरे काही चालू नव्हतं, आणि ऋषीच्या डाव्या कानामागे कुणीतरी थकून दम घेतला. ऋषी घाबरला. खरोखर घाबरला. त्या संध्याकाळी घरी येऊन त्यानं उरलीसुरली सगळी कच्ची रेकॉर्डिंग पुसली, कचऱ्याचा फोल्डरही रिकामा केला. फक्त मोबाईलमधलं अकरावं तेवढं राहिलं. ते पुसण्यासाठीसुद्धा त्याच्याकडे हात जाईना. ते तसंच पडून राहिलं, पुन्हा न ऐकलेलं.

वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं तेव्हा मिथुनच्या बहिणीचा, मनस्वीचा फोन आला. अल्बम वर्षश्राद्धाच्या दिवशी लोकांपुढे सोडायचं ठरलं होतं. "आई म्हणते, आधी मला ऐकव. मी हो म्हटलं तरच सोड."

ऋषीला उलट बरंच वाटलं. मिथुनच्या आईनं एकदा मान हलवली की हे भूत आपल्या मानगुटीवरून उतरेल, असा हिशेब त्यानं मनाशी मांडला. आणि त्या मेसेजचं? तेही तिला सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं. तसं तो वर्षभर दर महिन्याला ठरवत होता.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी तो जासईला गेला. मिथुनची आई, गोजराकाकी, ओटीवर बसली होती. काकी धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून वरातीपर्यंत एकेका विधीला धवला म्हणणारी बाई ती; तिच्या गाण्यावाचून मांडवातलं पान हलत नाही. पंचवीस वर्षं आजूबाजूच्या गावांतल्या पोरापोरींना तिनं गाऊन बोहल्यावर चढवलं होतं. पण स्वतःचा पोरगा गेला त्या दिवसापासून तिनं तोंडातून सूर काढला नव्हता. वर्ष पुरं होईतो काढणार नाही असं तिनं सांगून ठेवलं होतं.

ऋषीनं स्पीकर लावला. काकीनं डोळे मिटले. पहिल्या गाण्याला तिचा हात मांडीवर ताल धरायला लागला. दुसऱ्या गाण्यात हात अडखळला. पाचव्याला तो थांबला, आणि पुढची सगळी गाणी तिनं तशीच, हात मांडीवर उपडा ठेवून ऐकली. दहावं गाणं संपलं. रस्त्यावरून ट्रेलर गेला, त्याची घरघर विरली.

"आवाज त्याचाच हाय," काकी म्हणाली. "पन तो कुठं हाय?"

"म्हणजे, काकी?"

"मी धवला म्हनते तवा मागं चार बाया असतात झील धराला. मी दम घेतला का त्यांनी उचलायचं. दम आयकू आला नाय तं त्यांना कलनार कसं? यो पोरगा दमच घेत नाय. सगल्या गान्यांत सोदला मी. शिराला वाईच बी जागा नाय."

मनस्वी दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, ते साफ केलंय. स्टुडिओत करतात तसं."

"साफ?" काकीनं डोळे उघडले. "काय घान होती त्याच्यात?"

ऋषीनं स्पीकरचा आवाज उगाच कमी केला.

"बिनसाफ केलेलं लाव," काकी म्हणाली.

"नाहीये, काकी."

"नाय म्हंजे?"

"पुसून टाकलं मी. सगळं."

काकी त्याच्याकडे बघत राहिली. ती रडली असती तर त्याला कुठेतरी बघता आलं असतं. ती नुसती बघत होती. त्या बघण्याखाली त्याचा हात आपोआप मोबाईलकडे गेला. "एक आहे," तो म्हणाला. वर्षभर न उघडलेलं अकरावं गाणं त्यानं लावलं.

आधी श्वास आला. शब्दांच्याही आधी. मोठा, ओला, छातीतून ओढलेला. मनस्वीनं चौकट धरली.

"आज्याचं मीठ, बापाचा भात,
माजे नशिबी डब्यांची रात.
नंबर वाचून डोलं थकलं,
आये, दिवा ठेव दारात."

पुन्हा श्वास. आणि त्या श्वासावर काकीचे ओठ उघडले. "दिवा ठेव दारात," तिनं खालच्या सुरात ओळ उचलली. आवाज वर्षभर बंद पडलेला, खरखरीत. मिथुननं पुढची ओळ घेतली, दम घेतला, काकी पुन्हा आत शिरली. मनस्वी पुटपुटली, "आई, वर्ष नाही झालं अजून." काकीला ते ऐकू आलं नाही. पोरगा पुढे, आई मागे, असं ते गाणं चार मिनिटं चाललं. एकाही श्वासाला तिनं त्याला एकटं सोडलं नाही. ऋषीला तेव्हा कळलं की मिथुन असं गायला घरी कुणाच्या मागे झील धरून शिकला होता. इतकी वर्षं शेजारी बसून त्याला ते कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

गाणं संपलं. काकीनं पदरानं तोंड पुसलं. चेहरा उजळला होता, आणि ऋषीला तेच सहन होईना.

"ह्ये इतकं चांगलं," ती म्हणाली. "ह्ये का नाय घेतलंस?"

थाप तयार होती. बेस बसत नव्हता, माइक खराब होता. काकीला त्यातलं काय कळणार होतं? हो म्हणून ती गप्प बसली असती. ऋषीनं तोंड उघडलं.

"श्वास ऐकू येत होता म्हणून," तो म्हणाला. "परत म्हणायला ये असा मेसेज मीच केला होता, काकी. त्या दिवशी तो माझ्याकडेच निघाला होता. डबल ड्युटी करून आलाय हे मला माहीत होतं."

मनस्वीनं आईकडे बघितलं. काकी बसल्या जागेवरून हलली नाही.

"तू त्याला दम खाऊ दिला नायस," ती म्हणाली. "गाताना बी नाय. त्या दिसाला बी नाय."

ती ओरडली नाही. तिनं शिव्याशाप दिले असते, बोटं मोडली असती, तर ऋषीनं ते सगळं खुशीनं घरी नेलं असतं. तसं काही तिनं त्याला दिलं नाही.

"ह्ये मनस्वीच्या मोबाईलवर टाक," ती म्हणाली.

त्यानं टाकलं. मनस्वीनं उघडून बघितलं, आलं होतं.

"आता तुज्याकडचं पूस."

"काकी, माझ्याकडे त्याचं हे एकच—"

"साफ कराला येतं ना तुला? कर साफ."

मोबाईलनं विचारलं, खरंच काढायचं का. काकीला पडद्यावरची अक्षरं वाचता येत नव्हती. पण बोट कुठे थांबलंय ते तिला दिसत होतं. ऋषीनं दाबलं. कचऱ्यातूनही काढायला तिनं लावलं.

"ती धा गानी सोड लोकांना," उठताना ती म्हणाली. "चांगली हायेत. त्यांना पायजे ते हाय त्याच्यात." आणि आत गेली. चहाचं कुणी विचारलं नाही.

ठरल्या दिवशी अल्बम आला. जयप्रकाशनं एका हळदीत लावला, पत्रे हालले. पार्थनं ऑफिसच्या ग्रुपवर तीन ओळी टाकल्या. अनोळखी माणसं ऋषीला लिहू लागली, काय क्लीन काम आहे.

त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी ऋषी मागच्या खोलीत बसला. हेडफोन लावले, चौथं गाणं काढलं. दुसरी ओळ संपली आणि तिसरी लागली. मध्ये काही नव्हतं. त्याला वाटलं आपलं लक्ष नव्हतं. मागे नेऊन लावलं. काही नाही. पाचवं लावलं, सातवं लावलं, पंखा बंद केला, स्वतःचा श्वास कोंडून धरला. आवाज शेवटपर्यंत वाढवला. दहा गाणी झाली. मिथुन एकदाही थांबला नाही, एकदाही त्यानं दम घेतला नाही. शब्दांना शब्द चिकटून येत राहिले, आणि त्यांच्यात कुणीच नव्हतं.

प्राची जेवायला बोलवायला आली. त्याचा चेहरा बघून दारातच थांबली. तिनं त्याच्या एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"झाला ना अल्बम? लोकांना आवडला ना?" ती म्हणाली. "आता काय शोधतोयस त्यात?"

"थांब जरा," ऋषी म्हणाला आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून लावलं.