अर्पिता कोरडी आहे

माझ्या पोरीच्या, अर्पिताच्या मणक्यातली नस खाली चिकटली होती. सोलापूरला ऑपरेशन झालं तेव्हा ती सात वर्षांची होती. त्यानंतर दर महिन्याला दवाखान्यातून सिस्टरचा फोन यायचा. पाय ओढते का, दिवसात किती वेळा लघवीनं कपडे ओले होतात. उत्तरं संगणकात भरायची. शेकडो लेकरांच्या माहितीवरून शिकलेला तो संगणक सांगायचा, नस पुन्हा चिकटण्याचा धोका कुणाला आहे, कुणाला लवकर बोलवायचं.

फोन माझी बायको सोनाली घ्यायची. माघात ती काविळीनं गेली. मग फोन माझ्याकडं आला.

पहिला आला तेव्हा मी सास्तूरच्या स्टँडवर चहा पीत होतो. शेजारी गावातला बब्रुवान.

"काय पाव्हणं, पोरीला सोयरीक आली का काय?" तो हसला.

सिस्टर विचारत होत्या, "कपडे ओले होतात का?"

"न्हाय. कोरडी हाय," मी म्हणालो.

गावात कळलं तर उद्या पोरीला कोण करून घेईल, एवढंच डोक्यात आलं. पुढचे महिने घरात कुणी नसतानाही मी तेच सांगितलं.

आषाढात तिचा उजवा पाय फरफटायला लागला. मी तिला घेऊन सोलापूरला गेलो, सोनाली गेल्याचं सांगितलं.

डॉक्टर मॅडमनी संगणक माझ्याकडं वळवला. "जानेवारीपर्यंत आई सांगतेय, कपडे रोज तीनदा ओले होतात. फेब्रुवारीपासून एकदम शून्य. म्हणून यानं धोका कमी दाखवला आणि आम्ही तुम्हाला तपासणीला डिसेंबरची तारीख दिली. आई गेली आणि पोरगी बरी झाली?"

"खोटं सांगितलं म्या," मी चपलांकडं बघत म्हणालो.

"मग आता खरं सांगा. महिन्यावार भरते."

किती वेळा, ते मला माहीतच नव्हतं. तिचे कपडे कोण धुतंय, तेही मी कधी बघितलं नव्हतं.

"चारदा," अर्पिता म्हणाली. "शाळा सुरू झाल्यापास्नं सहादा."

"मग पप्पांना का नाही सांगितलंस?" मॅडमनी तिला विचारलं.

"पप्पा फोनवर कोरडी म्हणायचे. मला वाटलं, तसंच सांगायचं असतंय."

मॅडमनी आकडे भरले. धोका जास्त आला. तपासून त्यांनी सोमवारी भरती व्हायला सांगितलं, पुन्हा ऑपरेशन. आधी कळलं असतं तर पाय वाचला असता का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बाहेर बाकावर माणसं बसली होती. मी वाकून हळूच विचारलं, "कपडे बदलायचेत का गं?"

"व्हय," ती मोठ्यानं म्हणाली.