माळ्यावरून फेकलेली खुर्ची

आप्पांच्या कारखान्यात एक नियम होता, आणि तो ऐकून नवीन गिऱ्हाईक हमखास दोन पावलं मागे सरकायचं. खुर्ची तयार झाली की आप्पा ती लाकडं रचलेल्या माळ्यावर चढवायचे आणि तिथून खाली फरशीवर फेकायचे. सांधे टिकले तर खुर्ची विकायला, एक जरी सांधा उघडला तर अख्खी खुर्ची लाकूड चिकटवायचा सरस तापवायच्या चुलीत. लोक त्यांना ‘आपटमास्तर’ म्हणत आणि आप्पांना त्याचा जरासुद्धा राग नव्हता. “माणूस काय खुर्चीत अलगद बसतो? दिवसभराचा वैताग घेऊन धपकन बसतो,” ते म्हणायचे.

त्यांची धाकटी लेक या भुशापासून लांब, एका मोठ्या कंपनीच्या काचेच्या इमारतीत कामाला होती. आपलं काम नेमकं काय, हे तिने आप्पांना पुन्हा पुन्हा समजावलं होतं, आणि समजावता समजावता तिलाच शंका यायला लागली होती. सकाळी मीटिंग, दुपारी त्या मीटिंगमध्ये काय ठरलं ते ठरवायची मीटिंग. पगार चांगला, खुर्ची गोल फिरणारी. नावं ठेवायला जागा नव्हती. मग एका सोमवारी वरून ईमेल आला. तिच्या टीमने कित्येक वर्षं खपून उभी केलेली सिस्टीम कंपनी बंद करत होती, आणि सर्वांच्या योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार मानत होती. दुपारच्या डब्यापर्यंत सिस्टीम स्क्रीनवरून गेलीसुद्धा. कुणी रडलं नाही. रडायला समोर काही पडलेलंच नव्हतं.

नोकरी शाबूत होती, तरी धाकटीचा जीव कशात लागेना. इतकी वर्षं आपण पाण्यावर रेघा ओढत होतो, हे तिच्या डोक्यातून जाईना.

“हाताला लागेल असं एक तरी काम करायचंय मला,” ती नवऱ्याला म्हणाली.

“मग ते कपाट आवर ना. उघडलं की सगळं हाताला लागतं. डोक्यालाही.”

ती हसली नाही तेव्हा नवऱ्याला कळलं की प्रकरण गंभीर आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळीच ती कारखान्याच्या दारात उभी राहिली.

“आप्पा, मला खुर्ची करायचीय.”

आप्पांनी रंधा थांबवला नाही. “कर की. पण लेक म्हणून सूट मिळणार नाही. तुझ्या दादाच्या पहिल्या खुर्चीचं काय झालं, विचार त्याला.”

विचारायची गरज नव्हती. ती खुर्ची चुलीत गेली होती, तिच्या जाळावर चहा झाला होता, आणि दादाने सुतारकामाला रामराम ठोकला तो कायमचाच.

धाकटी मात्र हुशार. दोन महिन्यांच्या सुट्ट्या घालवून तिने खुर्ची उभी केली, आणि काय देखणी केली! पाठीला हलकासा बाक, पॉलिश असं की तोंड दिसावं. नवऱ्याने फोटो काढले, ऑफिसातल्या मैत्रिणींनी ते पाहून बदाम पाठवले. आप्पांनी खुर्ची माळ्यावर नेली आणि सोडली. खाली काटक्यांचा ढीग झाला.

चूक काय झाली ते त्या ढिगातच दिसत होतं. खाचा सैल पडल्या होत्या. ऑफिसात आकड्यांमधली भोकं रंगीत चित्रांनी झाकायची तिला सवय. इथेही तिने सरसात भुसा कालवून फटी भरल्या होत्या आणि वरून पॉलिश चढवलं होतं. सुताराच्या घरात वाढलेलं कुणी असं केलं नसतं, आणि तीच तर सुताराच्या घरात वाढलेली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पांनी तुकडे गोळा करून चुलीत सारले आणि तिच्या हातात खाचा कोरायची पटाशी ठेवली. “फट भरायची नसते, बाई. पडूच द्यायची नसते.”

दुसऱ्या खुर्चीला तिने घाई केली नाही. एकेक खाच कोरायची, लाकडाचं टोक बसवून बघायचं, केसाएवढं तासायचं, पुन्हा बसवायचं. टोक नुसत्या हाताने ढकलून आत गेलं की ते लाकूड बाद. ठोकल्याशिवाय जाता कामा नये. बोटांना फोड आले, ते फुटले, तिथे कातडी टणक झाली. मीटिंगमध्ये कुणी ‘व्हिजन’वर बोलायला लागलं की ती टेबलाखाली अंगठ्याने ती कातडी चाचपायची आणि तिला मनापासून बरं वाटायचं.

शेवटी दिवस उजाडला. नवरा आला, दादाही ‘सहज’ म्हणून आला. खुर्ची साधीच होती, पॉलिशसुद्धा नव्हतं. आप्पांनी ती उचलली, शिडीपाशी नेली आणि तिथेच थांबले. खुर्ची खाली ठेवून ते म्हणाले, “राहू दे. घरचीच आहे. घरी वापरायला कशाला फेकायची?”

आप्पा असं कधी बोललेच नव्हते. “अगं, ऐक त्यांचं,” नवरा पुटपुटला. “एवढे महिने घातलेस. ने घरी.”

क्षणभर तिलाही मोह झाला. खुर्ची घरी गेली असती, सगळ्यांनी वा वा केली असती. पण आभाराच्या ईमेलमध्येही वा वाच होती. म्हातारा माया करतोय हे तिला कळत होतं, आणि त्या मायेने तिचे डोळे भरून आले. तरी तिने खुर्ची उचलली.

“सूट नको, आप्पा. तुम्हीच म्हणाला होतात.”

ती स्वतः शिडी चढली. वरून फरशी फार लांब दिसत नव्हती, कडक मात्र फार दिसत होती. तिने खुर्ची डोक्यावर उचलली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून फेकली.

ती एका पायावर आदळली, उसळली, कुशीवर पडली, भिंतीपर्यंत घरंगळत गेली. आवाज असा झाला की दादाने डोळेच मिटले. मग सगळं शांत झालं. एका पायाचं टोक चेपलं होतं. बाकी खुर्ची अख्खीच्या अख्खी होती.

आप्पा गुडघ्यावर बसले. त्यांनी खुर्ची उलटी केली, प्रत्येक सांध्यावर अंगठा दाबला, चष्मा कपाळावर चढवून पुन्हा दाबला. कुठेही काही हललं नाही. मग त्यांनी ती सरळ उभी केली आणि सगळा भार टाकून धपकन बसले. करकर नाही की कुरकुर नाही. त्यांनी वर पाहिलं, तर धाकटी माळ्यावर उभी राहून एकाच वेळी रडत होती आणि खदाखदा हसत होती.

“उतर खाली,” आप्पा म्हणाले. “एका खुर्चीने काय होतंय? समोर बसायला दुसरी लागेल.”

“उतरते,” ती म्हणाली. “लाकूड वरच आहे ना? घेऊनच उतरते.”