मुर्री रोडवरचा उलटा मटका

मी एक जुना मटका आहे, मित्रांनो, आणि उलटा आहे. माझं तोंड खाली असतं आणि बूड वर. तुमच्या घरच्या मटक्याच्या पोटात गार पाणी असतं, माझ्या पोटात जाळ असतो. हे ऐकून कोणी "अरेरे" म्हणतं. कृपा करून म्हणू नका. कीव केलेली मला सहन होत नाही.

नागरा गावच्या सुकराम कुंभाराने मला घडवलं. त्याने मला पाण्यासाठीच केलं होतं. उन्हाळ्याच्या बाजारात आम्ही सगळे मटके ओळीने बसलो होतो आणि गिऱ्हाइकं आमच्या गळ्याकडे, काठाकडे बघत होती. तेवढ्यात अंजनाबाई आली. तिने काठाकडे पाहिलंसुद्धा नाही. एकेकाला उलटा करायची, बोटाने टकटक वाजवायची आणि बुडावरून तळवा फिरवायची.

"बाई, पानी ठेवाले पायजे ना?" सुकरामने विचारलं.

"नाई गा. लंबी रोटी टाकाले पायजे. बूड गोल पायजे, खड्डा नाई चालत."

"मंग हा ने. याचं बूड लेकराच्या टाळूवानी हाय."

शेजारचे मटके मला हसले. बिचारा जळायला चालला, म्हणाले. त्यांच्यातले किती आज शाबूत आहेत, ते मी विचारत नाही.

गोंदियाजवळच्या मुर्रीला, तिच्या घरी नेल्यावर तिने मला एकदम जाळ दाखवला नाही. नव्या मटक्याला घाई केली की तो तडकतो. आधी जवसाचं तेल चोळलं, मंद आचेवर तापवलं, गार होऊ दिलं, पुन्हा तेल, पुन्हा आच. असं बरेच दिवस चाललं. हळूहळू माझं लाल बूड काळंकुळकुळीत आणि गुळगुळीत झालं. तो काळा रंग म्हणजे मळ नव्हे, मित्रांनो. तो माझा अभ्यास आहे. त्याच्यामुळेच रोटी मला चिकटत नाही.

आणि ती रोटी! अंजनाबाई परातीत कणीक आपटून आपटून इतकी सैल करते, की ती हातातून ओघळेल असं वाटतं. मग गोळा उचलते, या हातावरून त्या हातावर झुलवते, आणि बघता बघता तो कोपरापर्यंत लांब होतो. तिथून तो थेट माझ्या अंगावर येतो. क्षणभर फुगतो, डाग पडतात, आणि ती घडी घालून उचलते. लाटणं नाही की पोळपाट नाही. हे करताना तिच्याकडे बघत राहावंसं वाटतं. मी तर तोंड खाली घालूनही बघतो.

आधी आम्ही लग्नांत, बारशांत जायचो. पुढे तिचा नवरा हिरालाल, जो राईस मिलमध्ये पोती उचलायचा, त्याची कंबर धरली आणि काम सुटलं. तेव्हा दोघांनी मुर्री रोडला टिनाचं शेड टाकून खानावळ काढली. लंबी रोटी, बेसनाच्या पाटोडीचा रस्सा, वांगी, भात आणि रविवारी तलावातले मासे. चूल समोर, रस्त्याच्या तोंडाशी. पाटी नव्हतीच. पानठेल्यावर "ती मटक्यावाली बाई कुठं?" असं विचारलं की कोणीही बोट दाखवायचं. ट्रकवाले यायचे, मास्तर लोक यायचे, बोटं चाटत जायचे. हिरालाल वाढायचा आणि प्रत्येकाला म्हणायचा, "अजून एक घ्या ना, लाजता काऊन?"

मग शहर आमच्याकडे सरकत आलं. धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातशेतांत, प्लॉट पडले, कॉलन्या झाल्या, कॉलन्यांत नवे लोक आले. चांगलं जेवण कुठे मिळतं हे ते पानठेल्यावर विचारीनात, फोनला विचारू लागले. फोन त्यांना काचेच्या दाराची हॉटेलं दाखवायचा. तिथलं सगळं एकाच पातेल्यातलं, सांगतो तुम्हाला. एकच नारिंगी रस्सा. त्यात पनीर टाकलं की पनीरची भाजी, काजू टाकले की काजूची, आणि काहीच टाकलं नाही तर तिला शाही म्हणायचं. लोक ते खायचे, फोटो काढायचे, आणि घरी जाऊन ईनो घ्यायचे. आमच्या शेडात बाकं रिकामी राहू लागली. दुपारची कणीक संध्याकाळी गाईला जाऊ लागली. अंजनाबाई माझ्यावर तेल चोळायची तो हात जड झाला होता.

अशा वेळी विवेक आला. विवेक हा अंजनाबाईचा धाकटा भाऊ, गोंदियात मोबाईलच्या दुकानात कामाला. पोरगा मनाने चांगला, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे.

"ताई, असं नाई चालत," तो म्हणाला. "शाही पंजाब फॅमिली रेस्टॉरंट नाव ठेवू. भट्टी आणू, नान चालू करू. रायपूरकडचा एक कुक हाय वळखीचा, टोपी घालून समोर उभा राहीन. तू मागं राह्य."

"मागं कायले?"

"समोर धूर बरा नाई दिसत."

अंजनाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "धूर का मी?"

विवेक खाली बघून म्हणाला, "लोक आडनाव पायते ताई. पाटीवर आपलं आडनाव नसलं तं कोन विचारते?"

मित्रांनो, आडनाव विचारण्यात वाईट काही नाही. पण काही लोक ते ओळख व्हावी म्हणून विचारत नाहीत. या हातचं खायचं की नाही, हे ठरवायला विचारतात. विवेकने शहरात भाड्याची खोली शोधताना हे पुष्कळदा भोगलं होतं. फोनवर मोकळी असलेली खोली आडनाव सांगितलं की लगेच दिलेली असायची. घाबरला होता तो, आणि बहिणीलाही शहाणपण म्हणून ती भीतीच देत होता.

हिरालालला बाकं भरलेली बघायची होती. तो म्हणाला, "करून पाहू ना." अंजनाबाई थकली होती. ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही, आणि तेवढ्यानेच घात झाला. चूल विझली. भट्टी येईपर्यंत मागच्या बाजूला गॅसवर फुलके सुरू झाले.

आणि माझं काय झालं? अंजनाबाई बाजारात गेली असताना विवेकने मला धरलं. फोटोत मी फार काळा दिसतो म्हणे. त्याने साबण आणि तारेची घासणी घेतली आणि मला खसाखसा घासलं. किती वर्षांची माझी कमाई नालीत वाहून गेली. वर गेरू फासला, चुन्याने वेलबुट्टी काढली, डोक्यावर प्लास्टिकचे गुलाब ठेवले आणि मला दारात बसवलं. फोटो काढून फोनवर चढवला. अंजनाबाई परतली तेव्हा दारात नवरदेव बघून थबकली.

"काऊन घासला रे? कोनं सांगतलं तुले?"

"चांगला तं दिसून राहिला ताई."

ती आत निघून गेली. मी रागाने लाल होतो की गेरूने, ते माझं मलाच कळत नव्हतं.

रविवारी एक मोठी गाडी थांबली. नव्या कॉलनीतल्या मंजूताई, बँकेत नोकरीला, त्यांच्या मुलीचा, खुशीचा वाढदिवस होता. सोबत नवरा, दीर-जाऊ, पोरं आणि सासरे केशोराव. विवेक धावला, खुर्च्या पुसल्या, मेन्यू सांगू लागला.

"ते सगळीकडंच भेटते," मंजूताई म्हणाल्या. "आमी त्या फोटोतल्या मटक्यावरची रोटी खायले आलो. लहानपनी आजीच्या गावाले खाल्ली होती. हाच ना तो?"

विवेकचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. ज्याला त्याने शोभेला बसवलं, त्याच्याचसाठी ही गाडी इथवर आली होती! मला हसू आलं असतं, पण पुढे काय होणार हे मला माहीत होतं. माझी कातडी तर त्याने सोलून टाकली होती.

अंजनाबाईने गुलाब काढून बाजूला ठेवले, मला मागच्या बाजूला नेलं, ओल्या फडक्याने गेरू पुसला आणि घाईघाईने खाली जाळ पेटवला. पहिली रोटी माझ्यावर पडली आणि घट्ट चिकटली. सोडवताना चिंध्या झाल्या. दुसरीचंही तेच. तिसरीला तर मीच गेरूचा लाल डाग दिला. आत पोरं भुकेने टेबल वाजवत होती. हिरालाल कपाळाला हात लावून म्हणाला, "नाई होत म्हनून सांगून देतो त्याईले."

अंजनाबाई उठली. मला वाटलं, संपलं. पण तिने मला तापलेला तसाच फडक्यात धरून उचललं, शेड ओलांडून समोर नेलं आणि रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या जुन्या चुलीवर ठेवलं. मग आत वळून मोठ्याने म्हणाली, "मटका घासला गेला हाय. तेल पाजून तयार कराले टाइम लागन. थांबाचं असन तं थांबा, नाई तं जा. खराब रोटी मी देत नाई."

मंजूताई हसल्या आणि खुर्ची उचलून बाहेरच आल्या. मागोमाग पोरं आली. अंजनाबाई जवसाचं तेल चोळत होती, जाळ वाढवत होती, पहिल्या बिघडलेल्या रोट्या गाईला टाकत होती. माझ्या अंगातून धूर निघत होता. मी ठरवलं होतं, काही झालं तरी आज अंजनाबाईला तोंडघशी पडू द्यायचं नाही. एक रोटी कडेने सुटली. पुढची अर्धी सुटली. आणि मग एक अख्खी, फुगलेली, डागाळलेली, कोपराएवढी लंबी रोटी माझ्या अंगावरून अलगद उठली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

तेवढ्यात केशोराव खुर्चीवरून वाकले. "बाई, आडनाव काय तुमचं?"

टाळ्या थांबल्या. विवेकने मान खाली घातली. हिरालाल पुढे सरसावला, गोड बोलून वेळ मारून न्यायला. पण अंजनाबाईच्या हातावर तेव्हा गोळा झुलत होता आणि तो थांबवता येत नाही.

"गजभिये," ती म्हणाली. "अंजना हिरालाल गजभिये, मुर्रीची. आता सांगा, तुमच्यासाठी टाकू का नको टाकू?"

केशोराव उठले. "मले भूक नाई," म्हणाले आणि सुनेकडे पाहू लागले, जणू सगळ्यांनीच उठावं.

मंजूताईंचा चेहरा तापला. त्या सासऱ्यांपुढे एरवी आवाज चढवत नसाव्यात, कारण नवरा दचकून बघत होता. "बाबूजी, भूक नसन तं गाडीत बसा," त्या म्हणाल्या. "ताई, माह्या ताटात दोन टाका."

केशोराव गाडीत जाऊन बसले. खुशी एक रोटी घडी करून त्यांच्याकडे घेऊन गेली, काचेवर टकटक केली, थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. काच खाली झाली नाही. ती रोटी खुशीनेच खाल्ली, रश्शात बुडवून.

ते गेल्यावर विवेक म्हणाला, "ताई, म्हनूनच मी म्हनत होतो."

"तुले रूम नाई भेटली, म्हनून मी मागं लपू का बे?" अंजनाबाईला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "माहे हात हाय, माही रोटी हाय, आन् नाव पंजाबचं?" मग ती रडली, उघड्यावर, पदर न लावता. विवेकही रडला. हिरालालने तेवढ्यात भट्टीवाल्याला फोन करून नाही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. अंजनाबाई स्वतः त्याच्यासमोर उभी राहिली. 'अंजना गजभिये यांची खानावळ', आणि खाली 'मटक्यावरची लंबी रोटी'. "आडनाव मोठं काढजो," तिने बजावलं, "गाडीतून वाचता आलं पायजे." फोनवरही तेच नाव विवेकने आपल्या हाताने टाकलं.

लगेच रांगा लागल्या असं मी खोटं सांगणार नाही. काही जुनी गिऱ्हाइकं पाटी वाचून दिसेनाशी झाली. त्यांनी इतकी वर्षं खाल्लेल्या रोट्यांचं काय करायचं, ते त्यांनी बघावं. नवी येत आहेत. मंजूताई बँकेतल्या बायकांना घेऊन येतात. दुपारची कणीक आता दुपारीच संपते. परवा फोनवर कोणी विचारलं, "खाना बनाता कौन है?" अंजनाबाई म्हणाली, "नाव पाटीवर हाय. वाचून या."

मित्रांनो, आता माझ्या कडेला बारीक तडा गेला आहे. एक दिवस मी फुटेन आणि या चुलीवर दुसरा मटका चढेल. त्याची मला खंत नाही. एवढंच मागतो, की त्याला सुंदर करायला कोणी घासू नये. आणि ज्या हातांनी तो काळा केला, त्यांना कोणी मागच्या बाजूला ढकलू नये. तुमच्या भागात चांगलं जेवण शोधत असाल, तर रोटी कोण टाकतं ते जिथे समोर दिसतं तिथे बसा. आमच्याकडे आलात तर हात धुऊन या, भूक घेऊन या. मनात दुसरा काही हिशोब असेल, तर गाडीतच बसा, आम्ही बोलवायला येणार नाही. जाळ पेटलेला आहे, आणि रोटी कोणासाठी थांबत नाही.