विहिरीवरची अक्षरं

ही गोष्ट दोन हजार तेवीसची. दिवाळी नुकतीच उलटली होती. शिरवण्याच्या चंदाबाईंची सून रुतिका सातव्या महिन्यात होती. आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते. हा तरी पदरात पडावा म्हणून चंदाबाईंनी गावदेवीपासून दर्ग्यापर्यंत सगळीकडे डोकं टेकवलं होतं.

त्याच सुमारास शेजारच्या सोसायटीच्या हॉलमध्ये अभिराम नावाच्या निवृत्त मास्तरांनी एक माहितीपट दाखवला. पाण्याला ऐकू येतं, वाचता येतं. त्याच्यावर चांगला शब्द लिहिला की ते औषध होतं, वाईट लिहिला की विष. आणि उकळलं की त्याची आठवण जळून जाते, असं पांढऱ्या कोटातली माणसं सांगत होती.

"पेपरात तर याला थोतांड म्हटलंय," मागून कुणीतरी म्हणालं.

"खऱ्यालाच विरोध होतो," मास्तर हसले.

चंदाबाईंना सासू आठवली. नळ येण्याआधी घरामागच्या विहिरीला "माय, उठलीस का?" असं विचारल्याशिवाय ती कळशी सोडत नसे. सुनेला सातवा लागला की पहिला तांब्या स्वतः ओढून पाजायची. तेच पाणी पिऊन चंदाबाईंची बाळंतपणं सुखरूप झाली होती. पुढे बाजूने गटार गेलं, पाण्याला वास सुटला आणि पालिकेने कठड्यावर लाल रंगात लिहिलं, 'पाणी पिण्यास अयोग्य'.

वीस वर्षं माय हेच वाचत बसली होती!

सकाळी उठून त्यांनी ती अक्षरं विळ्याने खरवडली, वर चुना फासला आणि कुंकवाच्या बोटाने 'माय' लिहिलं. नवरा जानू जन्मभर पालिकेत पाणी सोडायच्या कामावर होता. तो दारातून ओरडला, "अगो, ता पान्यासाठी नाय, मान्सांसाठी लिवलंय!"

"तुमाला काय कलतंय? पानी सगला ऐकतं."

"पानी ऐकतं? मंग चालीस वर्सं बायको का नाय ऐकत?"

रुतिकाने तांब्या नाकाशी नेला. "आई, उकळून घेऊ का?"

"नको गो. उकललास तं ती सगला इसरंल."

गेलेले दोन्ही गर्भ तिचेच होते. तिने डोळे मिटले आणि प्यायली. मग रोज सकाळी एक तांब्या.

महिनाभराने तिला उलट्या सुरू झाल्या. डोळे हळदीसारखे पिवळे झाले. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" जानूने सांगितलं. दूषित पाण्याची कावीळ, तीही गरोदरपणी. पाचव्या दिवशी रुतिका गेली. मुलगी पोट फाडून काढली, दीड किलोची; ती जगली.

दहाव्याचे विधी उरकून जानूने लाल रंग आणला आणि कठड्यावर तीच अक्षरं पुन्हा काढली, पहिल्यापेक्षा मोठी. पुढच्या वर्षी तोही गेला. अभिराम मास्तर घर विकून कामोठ्याला राहायला गेले. तिथेही ते हॉल शोधून तो माहितीपट दाखवतात म्हणे. चंदाबाईंचा मुलगा प्रितेश लेकीला, मनस्वीला, घेऊन भाड्याच्या घरात राहतो. सणाला येतो, आईच्या पाया पडतो, जेवतोसुद्धा. पण दोघांचं पाणी बाटलीतून घरून आणतो.

चंदाबाई नळाचं पाणी दोनदा उकळतात. गार होईपर्यंत शेजारी बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत.