खाचराचा गाळ

वैशाखातला रविवार होता. परळच्या त्या चाळीत नेहमीसारखीच नळावर भांडी आदळत होती. राधाबाई तुळशीला पाणी घालून वळली, तोच खालून नवऱ्याचा, शामरावांचा, आवाज आला.

“काय रे दौलत, पाऊस तोंडार इलो. गाळ कधी काढतास?”

चाळीमागं सखल जमीन होती. कधीकाळी तिथं भात पिकायचं, म्हणून कोकणातून आलेली माणसं तिला खाचरच म्हणत. पावसाळ्यात आसपासचं पाणी त्या खाचरात पसरे, तिथंच निवांत जिरे आणि कुणाच्याच उंबऱ्याला लागत नसे. पलीकडे दौलतच्या माणसांची बैठी चाळ होती. दर वैशाखात गाळ त्यांनी उपसायचा आणि शामरावांच्या चाळीनं त्यांना वरून भाकऱ्या टाकायच्या, अशी रीत होती. पण गेल्या थंडीत बैठ्या चाळीनं बौद्ध धर्म घेतला होता.

“काढू की,” दौलत म्हणाला. “पण तुमच्या घरटी एक माणूस, आमच्या घरटी एक. पाणी दोघांचं, तर गाळही दोघांचा.”

गॅलरीतून शेजारचे तात्या ओरडले, “धर्म बदललो आणि हात मऊ झाले काय रे?”

“हात तेच हायत, तात्या. परवा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात माझ्याच खांद्यावर भार टाकून ‘मुंबई आमची’ म्हणत होता. मुंबई दोघांची आणि गाळ तेवढा माझा?”

वरच्या मजल्यावर दोघी-तिघी खुदकन हसल्या. ते हसू शामरावांना झोंबलं.

रात्री जेवताना राधाबाई हळूच म्हणाली, “अहो, तो बोलला त्यात वावगं काय? मी घेईन की घमेलं.”

“तू? सोमवार धरतंस, सोवळ्यात रांधतंस आणि तेंच्याबरोबर चिखलात उतरतलंस?”

राधाबाई ताटं उचलू लागली. नवऱ्यापुढं गप्प बसणं हेही तिला व्रतच वाटे.

चाळीची सभा भरली. चिखलात हात घालायला कुणी तयार नव्हतं, आणि दौलतपुढं नमायलाही नव्हतं. मग तोडगा निघाला: खाचरच बुजवून टाकायचं. गिरणीच्या बॉयलरची राख हवी तेवढी मिळत होती. गाळाची कटकट जाईल, शिवाय गणपतीच्या मंडपाला जागा होईल.

राखेच्या गाड्या येऊ लागल्या, तशी दौलतची बायको रखमा जिन्यापाशी आली. सवयीनं खालीच थांबली.

“वैनी, हे पाणी आता कुठं जाईल? आमची घरं खाली. सासू अंथरुणाला खिळलेली. म्हातारीला घेऊन मी जाऊ कुठं?”

“मी सांगते हो यांना,” राधाबाई म्हणाली.

पण तिनं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता खाचर भरून सपाट झालं.

आषाढी एकादशीला सकाळपासून पाऊस कोसळत होता. दौलत गिरणीत होता. पाणी आपली जुनी जागा शोधत आलं, तिथं राखेचा भराव लागला, तसं ते वळलं आणि बैठ्या चाळीत शिरलं. शेजारीपाजारी पोरंबाळं घेऊन कौलांवर चढले. रखमानं सासूला, रमाबाईंना, पाठुंगळी घेतलं आणि कमरेइतक्या पाण्यातून ती शामरावांच्या चाळीच्या जिन्याशी आली.

जिन्यात तात्या उभे होते. “अगो, आज एकादस. वरती पूजा चालू आसा. वायच थांब, इचारून येतंय.”

तात्या वर गेले. शामराव म्हणाले, पूजा आटपू दे. आतल्या खोलीत राधाबाईच्या कानावर ते पडलं. पण पोथी मधेच सोडून उठू नये, म्हणून ती अध्याय संपवूनच उठली.

ती खाली आली तेव्हा रखमा तिथंच, पाण्यात उभी होती.

“ये गं, वर ये,” राधाबाई म्हणाली.

“आता कशाला? ह्या मघाशीच गेल्या.” रखमाच्या खांद्यावर म्हातारीची मान लोंबत होती.

पोथी वाचणाऱ्या बायांनो, त्या घटकेला देव देव्हाऱ्यात होता की जिन्याखाली, हे आपलं आपणच मनाला विचारावं.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी राधाबाई फावडं-घमेलं घेऊन खाचरात उतरली. शामराव वरून ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्यांना उलट उत्तर दिलं, “ही राख काढल्याशिवाय माझा सोमवार सुटायचा नाही.”

ओली राख उपसावी तशी कडेची पुन्हा आत ढासळत होती. रखमा आपल्या दारातून बघत होती. बऱ्याच वेळानं ती जवळ आली.

“वैनी, उपास तुम्ही धराल. बुडणार आम्हीच. एकीच्या घमेल्यानं हे व्हायचं नाही. माणसं आणा.”

राधाबाईनं कमरेवर हात ठेवून वर पाहिलं. गॅलऱ्या बायकांनी भरल्या होत्या. हळदीकुंकवाला येणाऱ्या, तिच्या हातचा प्रसाद घेणाऱ्या. तिनं एकेकीला नावानं हाक मारली. “अंबिका! अगं शांता! बकुळा, तू तरी ये!”

आधी अंबिकेचं दार लागलं. मग शांताचं. बकुळा क्षणभर घुटमळली, आतून नवऱ्याची हाक आली आणि तीही गेली.

पाऊस भरून आला. रखमा घराकडे वळली आणि उंबऱ्याच्या फटीत चिंध्या कोंबू लागली.