ढेमशे, ओ दे!

पोर घरात नाही हे रेणुकाच्या ध्यानात आलं तेव्हा गॅसवर डाळ शिजत होती. आधी तिला काही वाटलं नाही. साडेतीन वर्षांची पोर घरात नसली तर शेजारच्या तानुबाईच्या ओट्यावर असते, तिथे नसली तर गोठ्यात वासरापाशी. रेणुकाने दोन्हीकडे पाहिलं. पोर कुठेच नव्हती. मग तिचं लक्ष मागच्या दाराकडे गेलं. ते सताड उघडं होतं. तिथून विहीर पन्नास पावलांवर, आणि विहिरीला कठडा नाही. यंदा बांधू, यंदा बांधू म्हणत चार वर्षं गेली होती.

गॅस तसाच सोडून ती हाका मारत सुटली.

पोरीचं नाव रुक्मिणी. हे तिच्या आजीचं नाव. रुक्मिणीबाई गेल्या आणि वर्षाच्या आत नात झाली, तेव्हा वामनराव, म्हणजे रेणुकाचे सासरे, म्हणाले, "आमची बुढी वापस आली." यावर कोण काय बोलणार? बारशाला कोकिळा आत्याने पोरीच्या कानात तेच नाव सांगितलं आणि विषय संपला. पण सुनेने सासूचं नाव तोंडी घ्यायचं नाही, ही या घरची रीत. बारावी शिकलेली, मोबाईलवर बँकेची कामं करणारी रेणुकाही ती पाळायची. खरं सांगायचं तर रीत नसती तरी सासूच्या नावाने "ए, नाक पूस" असं ओरडायला तिची जीभ रेटली नसती. मग पोरीला हाक कशी मारायची? शेजारणींनी परी, पिंकी, गुड्डी सुचवून पाहिलं. एक दिवस भाजी चिरताना रेणुकाने परातीतल्या ढेमशांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. तसाच गोल गरगरीत आकार, तशीच अंगावर बारीक लव. ती एकटीच हसत सुटली. त्या दिवसापासून पोर ढेमशी झाली.

वामनरावांना ते कधीच आवडलं नाही. बायको होती तोवर या माणसाने तिचं नाव कधी घेतलं नव्हतं, "आयकलं काय" म्हणून चाळीस वर्षं भागवली. आता नातीच्या निमित्ताने ते नाव तोंडभर घेता येत होतं, आणि सून भाजीचं नाव घेऊन मोकळी! दिवाळीला कोकिळा आत्या माहेरपणाला आली आणि तिने तर आग पाखडली. "माह्या मायच्या नावाची पोट्टी, अन् तिले ढेमसं म्हनता? शरम वाटत नाही काय वो?" रेणुकाने मान खाली घालून कबूल केलं, यापुढे नाही म्हणणार.

पण पोरीची सवय कशी मोडणार? ते काम वामनरावांनी अंगावर घेतलं. बंडीच्या खिशात बत्तासे ठेवायचे आणि अचानक हाक मारायची, "ढेमशे!" पोरीने ओठ घट्ट मिटून गप्प राहायचं. राहिली की एक बत्तासा. महिनाभरात पोर इतकी तयार झाली की कानाशी ओरडलं तरी हूं की चूं करेना. हा पहिला धडा. रुक्मिणी म्हटल्यावर ओ द्यायची, हा दुसरा धडा अजून बाकी होता. रुक्मिणी म्हटलं की पोर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवायची.

आणि आता सगळी आळी त्याच नावाने हाका मारत होती. "रुक्मिणीऽऽ! ओ रुक्मिणीऽऽ!" तानुबाई ओरडत होती. पोरीचा बाप देवानंद मोताळ्याच्या बाजाराला गेलेला, त्याला फोन लागत नव्हता. रेणुकाने दिलेला शब्द केव्हाच मोडला होता. "ढेमशे! ढेमशे वो माय!" करत ती खोलीखोलीतून धावली. माळ्यावर चढली, पलंगाखाली वाकली. कापसाच्या खोलीची कडी निघालेली दिसली म्हणून तिथूनही तिने हाक मारली. आत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. आतून काही आवाज आला नाही.

या नावाला पोर पहिल्यापासून तोंडात घास असला तरी ओ देत आली होती; मधल्या महिन्याचा धडा रेणुकाला त्या घाईत आठवलाच नाही. आज ती ओ देत नाही म्हणजे... पुढचा विचार रेणुकाने मनात येऊ दिला नाही. तिचे पाय मात्र विहिरीकडे पळाले.

विहिरीवर आळीतला हिंमतराव गळ सोडून उभा होता. पडलेली बादली काढायचा तो लोखंडी गळ. दगडावर घासत तो खाली जाई आणि रेणुकाच्या दाताखाली कळ येई.

"काही लागून नाही राह्यलं," हिंमतराव तिच्याकडे न बघता म्हणाला. "पाणी लय हाय. पुन्हा टाकतो."

वामनराव काठावर ओणवे होऊन पाण्याकडे बघत "रुक्मिणी, रुक्मिणी" म्हणत होते. दोघींपैकी कोणाला हाक मारत होते, देव जाणे. वाकल्यामुळे त्यांच्या खिशातले बत्तासे चिखलात सांडले होते. रेणुकाने ते पांढरे तुकडे पाहिले आणि तिला एकदम तो धडा आठवला.

"मामाजी, उठा! तुम्ही हाक मारा. ढेमशी म्हना."

"मी?"

"तिले ओ देऊ नोको म्हून तुम्हीच शिकवलं ना? मी कितीक बोंबलली तरी ती गप्पच राहीन. तुम्ही मारा हाक!"

सासऱ्यांपुढे असा आवाज तिने जन्मात चढवला नव्हता. म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. ते उठले आणि अनवाणीच घराकडे धावले. गोठ्यात हाक मारली, अंगणात मारली.  मग कापसाच्या खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी पुन्हा हाक घातली.

"ढेमशे! ओ ढेमशे!"

खूप आतून, खालून, एक बारीक आवाज आला.

"आबा, म्या ओ नाही देल्ली. बत्तासा दे."

रेणुका कापसात घुसली. भिंतीच्या कोपऱ्यातून आवाज आला होता. दोन्ही हातांनी ती कापूस ओढत होती, आणि जितका ओढावा तितका वरून घसरत होता. पोर वर चढून खेळली असणार आणि भिंतीच्या फटीत घसरली असणार.

"ढेमशे, बोलत राह्य! ओ दे!"

आवाज नाही.

"आता ओ दे वो माय!" वामनराव रडत ओरडले. "आता ओ देल्ली तं सारेच बत्तासे तुले!"

तरी आवाज नाही. पोर धडा पाळत होती की तिचा श्वास कोंडला होता, हे कळायला काही मार्ग नव्हता. रेणुकाला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिच्या हाताला पोरीच्या पायातला चाळ लागला. तिने पाय धरला आणि ओढला.

पोर बाहेर आली ती काळीनिळी. रेणुकाने तिच्या तोंडात बोट घालून कापूस काढला, पाठीवर थापट्या मारल्या. एक, दोन, तीन. मग पोर खोकली आणि तिने असा टाहो फोडला की तानुबाई दारातूनच विहिरीकडे ओरडली, "सापडली!"

वामनरावांनी खिसा उलटा केला. दोन बत्तासे उरले होते. ते पोरीच्या मुठीत कोंबत ते म्हणाले, "आता आयक. कोनं बी, कोन्या बी नावानं हाक मारली का ओ द्यायची. समजलं काय, ढेमशे?"

पोरीने हुंदके देत बत्तासे पाहिले, आबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओ."

दिवस मावळेपर्यंत म्हातारा विनाकारण हाका मारत राहिला. कधी ओट्यावरून, कधी गोठ्यातून. "ढेमशे!" की आतून "ओ!" रेणुका करपलेल्या डाळीचं भांडं घासत बसली होती. दर हाकेला तिचा हात थांबायचा, आणि ओ आली की मगच पुन्हा चालायचा.